पाटी म्हणते, सा चढवा

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मांडीवर स्वरमंडळ, हातात किल्ली आणि समोर फोनवर एका मातीच्या पाटीचं भाषांतर. नऊ तारा सोडून बाकीच्या तारांखालून मी कापडाची पट्टी सरकवली होती, नाहीतर त्या न विचारता बोलतात. पाटी दक्षिण इराकमधल्या उर शहरातली, इसवी सनपूर्व १८०० च्या आसपासची, कडा फुटलेली. तिच्यावर वीणा जुळवायची कृती लिहिली आहे. अगदी पाककृतीसारखी: अमुक जोडी छेडून बघा, स्वच्छ लागत नसेल तर तमुक तार पिळा, की वीणा या सुरावटीतून त्या सुरावटीत गेली.

हा उद्योग मला कुणी सांगितला नव्हता. एका ट्रम्पेटमुळे मी तिथवर पोचले होते.

जाझ माझ्याकडे उशिरा आलं. लहानपणापासून गाणं शिकलेल्या माणसाला ते सुरुवातीला उद्धट वाटतं. एक बरी चाल ऐकू येते, तुम्ही मान डोलवायच्या आत सगळे मिळून ती मोडायला घेतात आणि मोडलेलीच ठेवून निघून जातात, असं माझं बरीच वर्षं मत होतं. त्यातून ‘अमुक प्राचीन शहरावरून प्रेरित’ असं कव्हरवर लिहिलेलं असलं की मी दुप्पट सावध. सुरांना भिंत दाखवता येत नाही, कमान दाखवता येत नाही. मग वाळवंटातला वारा येतो, घुमणारी बासरी येते, लांबून एक ढोल येतो आणि झालं तुमचं प्राचीन शहर.

या सावधपणाला एक कारण आहे. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद १९६३ मध्ये अमेरिकी सरकारतर्फे पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर गेला होता. नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि दौरा अर्ध्यावर थांबला. त्या प्रवासातून पुढे ‘फार ईस्ट सूट’ तयार झाला, १९६६ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित आणि १९६७ मध्ये प्रकाशित. त्यात ‘इस्फहान’ नावाची, म्हणजे इराणमधल्या त्या जुन्या शहराच्या नावाची, एक धून आहे. जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन एकेक सूर असा घसरत सोडतो की मला निळ्या फरशांचे घुमट दिसायचे, त्यांवर उतरणारं ऊन दिसायचं. मग कळलं की एलिंग्टनचा साथीदार रचनाकार बिली स्ट्रेहॉर्ननं ती धून दौऱ्याच्या आधीच लिहिली होती आणि तेव्हा तिचं नाव ‘एल्फ’ होतं. म्हणजे परीकथेतला तो टोकदार कानांचा प्राणी. माझे घुमट, माझं ऊन, सगळं त्या नावावर उभं होतं. धून आजही तितकीच सुंदर आहे, पण त्या दिवशी मी जरा ओशाळले.

लुई आर्मस्ट्राँगचा तो फोटो अनेकांनी पाहिला असेल: १९६१, गीझा, समोर बसलेली पत्नी ल्युसिल, मागे स्फिंक्स आणि पिरॅमिड, आणि हा ट्रम्पेट आभाळाकडे करून वाजवतोय. फोटो म्हणून अप्रतिम. पण त्यात पिरॅमिड मागे आहे, पडद्यासारखा. संगीताच्या आत आलेला नाही.

तर ते ट्रम्पेट. अमीर एल्सफार शिकागोजवळ वाढलेला, वडील इराकी. जाझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला. २००१ मध्ये त्यानं एक ट्रम्पेट स्पर्धा जिंकली आणि बक्षिसाच्या पैशांवर २००२ मध्ये बगदाद गाठलं, इराकी मकाम, म्हणजे आपल्या रागांसारखी तिकडची गायकी, शिकायला. युद्ध वर्षभरावर आलेलं. पुढे त्यानं ‘टू रिव्हर्स’ नावाचा सहा जणांचा संच बांधला: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स, आणि त्यांच्या शेजारी ऊद व बुझुक ही अरबी तंतुवाद्यं. तो स्वतः संतूरही वाजवतो आणि गातोही. २०११ मध्ये या संचाचा ‘इनाना’ नावाचा अल्बम आला.

इनाना ही दक्षिण इराकमधल्याच प्राचीन उरुक शहराची देवी. प्रेमाची आणि युद्धाचीही, शुक्राचा तारा तिचा. उरुकमध्ये तिच्या मंदिराच्या परिसरात जगातल्या सर्वांत जुन्या लिखित पाट्यांपैकी कितीतरी सापडल्या, पाच हजारांहून जास्त वर्षांच्या. एवढ्या मोठ्या शहराचं आज सपाट मैदानातलं विटांच्या चुऱ्याचं टेकाड उरलंय. नदीनं पात्र बदललं, ती निघून गेली आणि तिच्यामागून माणसं गेली. उरचंही तेच झालं.

अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा मी वारा आणि बासरीची वाट बघत होते. त्याऐवजी ट्रम्पेट बेसूर लागलं. निदान मला तसं वाटलं. गंधार ना कोमल, ना शुद्ध, दोघांच्या मधोमध. मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही अगदी त्याच जागी, म्हणजे ही चूक नव्हती, मुक्काम होता.

ट्रम्पेटला तीन कळा. त्या दाबून जे सूर निघतात ते पियानोच्या पट्ट्यांना धरून, एका सप्तकात बारा. त्या बारांच्या फटीत शिरायचं तर ओठ सैल-घट्ट करावे लागतात, नळीचा सरकता भाग वाजवता वाजवता हलवावा लागतो, नेहमीची सोडून आडवळणाची बोटं घ्यावी लागतात. एल्सफारनं हे सगळं घासून घासून बसवलंय. कारण मकाम रास्तचा गंधार त्या फटीतच राहतो. आणि मजा अशी की ब्लूजचा गंधारही तिथेच. मिसिसिपीच्या शेतात राबणाऱ्यांच्या गळ्यातून आलेला तो सूर पियानोवर सापडत नाही, म्हणून पियानोवाले कोमल आणि शुद्ध दोन्ही पट्ट्या एकदम चिरडून वाजवतात. बगदादचे गाणारे आणि ब्लूज गाणारे यांचा तसा काही पत्रव्यवहार नव्हता. एल्सफारला पूल बांधावा लागला नाही. दोघांचं बिऱ्हाड एकाच खोलीत होतं, त्यानं फक्त दार वाजवलं.

हे लक्षात आल्यावर मी इनानाच्या मागे लागले. तिची पाताळात उतरण्याची गोष्ट सुमेरी, म्हणजे उर-उरुकच्या प्राचीन लोकांच्या भाषेतल्या, पाट्यांवर आहे. सात दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजात अंगावरची एकेक वस्तू काढून द्यायची: मुकुट, मणी, अखेर वस्त्रसुद्धा. खाली बहीण एरेश्किगल राज्य करते. तिथे इनाना मरते आणि तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं. गोष्ट इथवर बऱ्याच लोकांना माहीत असते. मला अडकवून ठेवलं ते तिच्या सुटकेनं. एन्की हा देव नखांतला मळ काढून दोन जीव घडवतो आणि त्यांना खाली पाठवतो. लढायला नाही. एरेश्किगल वेदनेनं कण्हत पडलेली असते. ती म्हणते, आई गं, माझं अंतर. हे दोघं म्हणतात, आई गं, तुझं अंतर. ती म्हणते, माझी पाठ. ते म्हणतात, तुझी पाठ. असं बराच वेळ. कुणीतरी आपल्या कण्हण्याला साथ देतंय यानंच ती विरघळते, काय हवं ते मागा म्हणते, आणि ते खुंटीवरचं प्रेत मागून घेतात.

एकानं कण्हायचं, दुसऱ्यानं ते उचलून परत द्यायचं. ब्लूज दुसरं काय करतो? जाझच्या बैठकीत सॅक्सोफोन एक वाक्य टाकतो आणि ट्रम्पेट तेच जरा वाकवून परत करतो, तेव्हा मला आता नखांतल्या मळाचे ते दोघं आठवतात. हे जरा जास्तच होतंय, मान्य. पण आठवतात.

त्याहून जुळणारी गोष्ट उरची. इसवी सनपूर्व २००४ च्या सुमाराला पूर्वेकडच्या इलाम राज्याच्या सैन्यानं उर उद्ध्वस्त केलं. त्यावर सुमेरी भाषेत एक दीर्घ शोकगीत रचलं गेलं, अकरा भागांचं, आणि भागांच्या अधेमधे प्रतिसादाच्या छोट्या ओळी, म्हणजे एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यांनी झेलायचं. शहराची देवी निंगल आपल्या पडक्या घरासाठी रडते. वादळाचं वर्णन येतं, आणि एका भागात ओळीमागून ओळ तेच धृपद परतत राहतं: लोक कण्हतात. भग्न शहरावर संगीत करायची कल्पना आपल्या काळाची आहे असं मी समजत होते. ती त्या शहराचीच निघाली. एल्सफारच्या २०१५ च्या ‘क्रायसिस’ या अल्बममध्ये एका रचनेचं नाव ‘अनीन’ आहे. अरबीत अनीन म्हणजे कण्हणं. हा संदर्भ त्यानं ठरवून दिला असं मी म्हणणार नाही. ‘इस्फहान’च्या वेळी एकदा पोळलेय.

मोडलेलं तसंच टाकून जातात, हे माझं जाझबद्दलचं मतही उरनंच खोडून काढलं.

उरचा झिग्गुरात, म्हणजे तो पायऱ्यापायऱ्यांचा विटांचा डोंगर, इसवी सनपूर्व एकविसाव्या शतकात उर-नम्मू राजानं बांधायला घेतला आणि त्याचा मुलगा शुल्गी यानं पुरा केला. तळाला जवळजवळ ६४ मीटर लांब. आत कच्च्या विटा, बाहेर भाजलेल्या, सांध्यात डांबर. विटांवर राजाच्या नावाचे शिक्के. उरच्या एका विटेवर तर कुत्र्याच्या पंजाचे ठसे आहेत: माती ओली असताना कुत्रं त्यावरून चालत गेलं, कारागिरानं एक शिवी हासडली असेल आणि वीट तशीच भट्टीत घातली. तर हा डोंगर दीड हजार वर्षांत ढासळला. मग बाबिलोनचा राजा नबोनिडस (राज्यकाळ इसवी सनपूर्व ५५६ ते ५३९) यानं तो पुन्हा उभारला आणि मातीच्या नळकांड्यांवर लिहून कोपऱ्यांत पुरून ठेवलं की हे काम उर-नम्मूनं सुरू केलं, शुल्गीनं पुरं केलं, ते जीर्ण झालं, मी त्याच जुन्या पायावर डांबर आणि भाजक्या विटांनी दुरुस्त केलं. १९८० च्या दशकात खालच्या टप्प्याच्या दर्शनी भिंती आणि जिना पुन्हा नव्यानं बांधले गेले. पाया एकच, वरचं बांधकाम ज्याच्या त्याच्या काळाचं.

जाझमध्ये हे रोजचं काम आहे. रे नोबलचं १९३८ चं ‘चेरोकी’ हे गाणं घ्या. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनं २६ नोव्हेंबर १९४५ ला त्याच्या खालची स्वरसंगतींची रांग तशीच ठेवली, वरची चाल काढून टाकली आणि तिथे दम लागेल अशा वेगाची वेगळीच चाल बसवली. नाव ‘को-को’. मूळ चाल ऐकू येत नाही, पण जाणकार वादकाला पायाखाली तिचा प्रत्येक खण लागतो. अशा शेकडो रचना आहेत. मला जो उद्धटपणा वाटायचा तो जुन्या पायावरचा मुक्काम होता, फक्त माझ्या कानाला पाया दिसत नव्हता. बंदिशीचा सांगाडा धरून बडे गवई काय करतात हे मी लहानपणापासून ऐकत होते, तरी शेजारच्या घरातलं तेच ओळखू आलं नाही. नबोनिडसकडून एक शिकण्यासारखं आहे, ते म्हणजे आधीच्यांची नावं लिहून ठेवणं. जाझवाले ते कमी करतात, बऱ्याचदा मालकीहक्काच्या पैशांची भानगड टाळायला.

आणि मग वीणा. लेनर्ड वूली यांनी उरमध्ये १९२२ ते १९३४ उत्खनन केलं. राजघराण्याच्या दफनभूमीत साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कबरी निघाल्या. एका खड्ड्यात ७४ माणसं, त्यातल्या ६८ स्त्रिया, नटूनथटून, ओळीनं झोपल्यासारख्या. राजघराण्यातल्या मृतासोबत धाडलेल्या. कोपऱ्यात वीणा. राणी पुआबीच्या कबरीत वादक स्त्रीची हाडं वाद्याच्या अवशेषांवरच पडलेली होती. त्या ७४ मधल्या एका मुलीच्या डोक्याला चांदीची फीत नव्हती. इतर मुलींच्या केसांत होत्या, हिची मात्र कमरेपाशी गुंडाळलेली सापडली, घट्ट वळकटी. वूलींना वाटलं, हिला यायला उशीर झाला असावा, फीत बांधायला वेळच मिळाला नाही. फीत तशी दुमडलेली राहिली म्हणून तर ओळखू आली. ही मुलगी मला मधूनच आठवते, घाईत तयार होताना विशेषतः.

वीणांचं लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. सोन्याचं बैलाचं मुंडकं, निळ्या लाजवर्दीची दाढी, शिंपल्यांची नक्षी, एवढं टिकलं. लाकूड जिथे होतं तिथे मातीत नुसती पोकळी. वूलींच्या माणसांना जमिनीत भोकं दिसली. दुसऱ्या कुणी तिथे कुदळ घातली असती. वूलींनी त्या भोकांत पातळ केलेलं प्लास्टर ओतलं, सुकू दिलं आणि मग भोवतालची माती काढली. उभी राहिली ती वीणा, नसलेल्या लाकडाच्या आकाराची.

‘इनाना’ ऐकताना मला हे प्लास्टर आठवतं. सुमेरी चाल एकही शिल्लक नाही, आणि एल्सफारनं ती असल्याचा आव आणलेला नाही. त्यानं आपल्या काळाचं पातळ मिश्रण त्या भोकात ओतलंय. जो आकार आला त्यात ड्रम्स आहेत, बास आहे, २००२ चं बगदाद आहे. पडक्या भिंतींची नक्कल करणारं संगीत मला इतकं कंटाळवाणं का वाटतं हेही मग उमगलं. ते भोक न बघताच बाहेरच्या मातीचं चित्र काढत बसतं.

(बगदादच्या संग्रहालयातल्या वीणेची २००३ च्या लुटालुटीत मोडतोड झाली. सोन्याचं मुंडकं बँकेच्या तिजोरीत ठेवलेलं होतं म्हणून वाचलं. पुन्हा एकदा लाकूड गेलं, सोनं राहिलं.)

आता ती रात्र. उरच्या तारांना नावं आहेत आणि मोजणी गमतीची: पुढची तार, मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, आणि तिथून उलटं, मागून चौथी, मागून तिसरी, मागून दुसरी, सर्वांत मागची. एकूण नऊ. सात स्वर, आठवी आणि नववी तार पहिल्या दोघींच्या वरच्या सप्तकातल्या बहिणी. पाटीचा एक भाग तारा उतरवत नेण्याचा, दुसरा चढवत नेण्याचा. काही ओळी फुटून गेल्यात, पण चक्र इतकं नियमित आहे की अभ्यासकांना त्या भरता आल्या. सप्तक वरून खाली मोजायचं की खालून वर, यावरची मतं मधल्या काळात बदलली. मी आपली सोय बघून बिलावलपासून सुरुवात केली: सा रे ग म प ध नी सां रें. आणि चढवायचा भाग घेतला.

पहिली पायरी. एकेक जोडी छेडत जायचं आणि कुठली ‘स्वच्छ नाही’ ते शोधायचं. पाटीचा शब्द तसाच आहे, अस्वच्छ, धूसर. मध्यम आणि निषाद एकत्र छेडले. खरंच, इतर सगळ्या जोड्या पाण्यासारख्या आणि ही गढूळ. पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ट्रायटोन म्हणतात. १९४० च्या दशकात बीबॉपवाले, म्हणजे तेव्हाच्या नव्या, वेगवान जाझचे वादक, याच अंतरावर जीव टाकत होते, स्वरसंगतीच्या ऐन टोकाला ते मुद्दाम लावून सोडत होते. उरच्या शिक्षकानं ज्यावर तार पिळायला सांगितली, तिथे डिझी गिलेस्पी आणि थेलोनियस मंक तळ ठोकून बसले. मी पाटीचं ऐकलं. किल्ली फिरवून मध्यम चढवला. तीव्र मध्यम. हात फिरवला तर कल्याण. एका तारेच्या पिळात बिलावलचा कल्याण झाला, आणि मी एकटीच हसले.

दुसरी पायरी. आता कुठली जोडी गढूळ? तीव्र मध्यम आणि सा. मध्यम आत्ताच चढवलाय. पाटी म्हणते, जोडीतली उरलेली तार चढवा. म्हणजे सा. पहिली आणि आठवी, दोन्ही.

माझा हात थांबला. लहानपणी बाई म्हणायच्या, बाकी काही चुकव, सा चुकवू नकोस. आम्ही सा भोवती घर बांधतो. तंबोरा दुसरं काय सांगत असतो तासन्‌तास? आणि इथे चार हजार वर्षांपूर्वीचा कुणी लेखनिक शांतपणे सांगतोय की पुढची तार गढूळ वाजते, तेवढी पिळा. त्याच्या लेखी ती नऊंतली एक तार होती, पहिली, इतकंच. मी दोन-तीन मिनिटं नुसती बसून राहिले. मग चढवली. पहिली, मग आठवी.

हात फिरवल्यावर आधी काहीच कळेना. मग कान हळूच दुसऱ्या तारेवर जाऊन बसला, आणि तिथून ऐकलं तर पुन्हा बिलावल. तोच ओळखीचा, एक घर पुढे सरकलेला. माझा सा आता दुसऱ्या कुणाचा तरी शुद्ध निषाद झाला होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. जाझमध्ये गाणं चालू असताना मधेच आधारस्वर बदलतो तेव्हा मला नेहमी पायाखालची फरशी सरकल्यासारखं व्हायचं. ते वादकांना कसं चालतं, हे त्या रात्री पहिल्यांदा बोटांना समजलं. कानाला अजून नीट समजलेलं नाही.

उतरवायचा भाग बघून तारा मूळ जागी आणायच्या होत्या. पण एक वाजून गेला होता. स्वरमंडळ तसंच कापडात गुंडाळून ठेवलं.

सकाळी रियाजाला बसले तेव्हा विसरून गेले होते. सवयीनं सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि डोळे मिटून सा लावला. गळ्यातून जुना निघाला, तारेतून नवा. अर्ध्या सुराचं अंतर, खोलीभर गरगर घुमणारं. किल्ली शेजारीच होती. मी सा सोडला नाही, आणि तार विझेपर्यंत किल्लीलाही हात लावला नाही.